हात बदलत राहा

४ जानेवारी
आलो एकदाचे! दोन खोल्या, एक गॅलरी आणि समोर माझ्या कॉलेजची पिवळी भिंत. बाबांनी सामान लावायच्या आधी रेडिओ लावला आणि घरमालकीणबाईंना इतकं हसवलं, की त्यांनी जास्तीचा पलंग वापरायला दिला. आई खिडकीशी बसून सगळ्यांना सूचना देत होती. हात नेहमीसारखे मांडीवर दाबून धरलेले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती गावभरचे कपडे शिवायची. आता चहा प्यायची म्हटलं तर निम्मा बशीत, निम्मा अंगावर.

औषधशास्त्रात मास्टर्स कशाला, असं कुणी विचारलं की मी सांगते, नोकरी चांगली लागते. खरं कारण आई आहे. दुसरं खरं कारण या वहीलाच माहीत: तीच थरथर माझ्या उजव्या हातात उतरू लागली आहे. थोडीशीच. डाव्या हातानं मनगट घट्ट धरलं की थांबते.

९ जानेवारी
आमचे मोठे सर उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण दरारा असा की उंदीरसुद्धा गप्प. थरथरीवरचं एक नवं औषध तपासायचं आहे. मुद्दाम थरथर आणलेले बारा पांढरे उंदीर, सहा अ गटात, सहा ब गटात. दोन बाटल्या. एकीत औषध, दुसरीत नुसतं मीठपाणी. कुठल्या बाटलीत काय, ते सरांच्या कपाटातल्या बंद लिफाफ्यात. आम्हाला प्रयोग संपेपर्यंत कळणार नाही.

सरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली. हात बदलत राहा. आज ज्यानं अ गटाला डोस दिला, त्यानं उद्या ब गटाला द्यायचा. उंदराला माणसाचा हात कळतो आणि हात आकड्यांत शिरला, की सगळी मेहनत पाण्यात.

माझा जोडीदार एक लंबूटांग मुलगा आहे, मी त्याचं नाव चष्मिस ठेवलंय. उंदीर बघून त्याला घाम फुटतो. हा म्हणे औषधशास्त्रज्ञ होणार!

१४ जानेवारी
ब गटातला एक चष्मिसला कडकडून चावला. माझ्याकडे मात्र सहाही गुमान येतात. शेवटी आम्ही ठरवलं, अ त्याचा, ब माझा. रजिस्टरवर सह्या आलटून पालटून करतो. सरांना सांगायला कोण जातंय?

डोस देताना माझा हात थरथरतो, म्हणून मनगट धरूनच देते. आणि दरवेळी मनात म्हणते, बरा हो रे बाबा.

२३ जानेवारी
तोल तपासायच्या फिरत्या दांड्यावर अ गटाचे उंदीर वीस सेकंदांत धपाधप पडले. ब गटाचे तीन मिनिटं उभे! चष्मिसनं मला घड्याळ दोनदा तपासायला लावलं. म्हणजे ब हेच औषध. आता लिफाफा हवाय कुणाला!

२४ जानेवारी
चोरी केली. ब बाटलीतून एक छोटी कुपी भरून आणली. हे चूक आहे, डिग्री जाईल, तुरुंगही होईल, सगळं कळतं मला. पण काल आईच्या हातून भाताचं ताट पडलं आणि ती ओशाळून हसली. ते हसू मला बघवलं नाही. सकाळी तिच्या वजनाचा हिशोब करून चमच्यात डोस काढला आणि माझ्या हातानं पाजला.

३० जानेवारी
आईनं सुईत दोरा ओवला! पहिल्या फटक्यात! माझ्या एप्रनचं बटण शिवलं आणि दोरा दातानं तोडला, पूर्वीसारखा. बाबा रडले आणि मग म्हणाले, आता माझी फाटकी बनियन लपवायला हवी. आई माझा हात गालाला लावून म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे गं.

इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

५ फेब्रुवारी
पिंजरेवाल्या काकांनी आज बाजूला घेऊन सांगितलं, तुझे सहा उंदीर चार दिवस झोपलेले नाहीत. दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात. मी आत गेले तेव्हा सहाही माझ्याकडे बघत होते. मी टेबलाला एक फेरी मारली. सहा तोंडं माझ्याबरोबर फिरली.

घरी आले तर बाबांची तक्रार. आई झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून बसून असते. त्या भिंतीपलीकडे माझी खोली आहे.

८ फेब्रुवारी
आईचा डोस तीन दिवसांपूर्वीच बंद केला. उंदरांचाही. काही फरक नाही.

थरथर गेली, पण बाकीची हालचालही जातेय. एका उंदराच्या छातीवर बोट ठेवलं. ठोका नाही. अंग गार. काकांना हाक मारणार, तेवढ्यात त्याचे डोळे माझ्याकडे वळले.

११ फेब्रुवारी
सर जेवायला गेले तेव्हा लिफाफा फोडला.

अ — औषध. ब — मीठपाणी.

मीठपाणी! मग बंद काय करू? उतारा कशावर शोधू? बाटलीत काहीच नव्हतं. होता तो फक्त हात. रोज एकच, माझा. आम्ही हात बदलले नाहीत.

१२ फेब्रुवारी
सरांपुढे सगळं कबूल केलं. ते आधी खूप ओरडले. म्हणाले, मीठपाण्यानं असं होत नाही, आईला दवाखान्यात ने. नेलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. नाडी जरा मंद आहे म्हणे.

मी कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला आले. तिला हात लावायचा नाही.

१४ फेब्रुवारी
बाबांचा फोन. आई कॉलेजच्या बाजूच्या भिंतीला कपाळ टेकून उभी आहे. दोन दिवस पोटात घास नाही. त्यांच्या हातून तोंड उघडत नाही. रडत म्हणाले, पोरी, तू ये, तू भरव.

गेले तर माझा हात. नाही गेले तर उपाशी — देवा, मी काय करू?

१६ फेब्रुवारी
गेले. लांब काठीला चमचा बांधला. तोंड मिटलेलं. हातमोजे घालून हनुवटीला स्पर्श केला, तसं लगेच उघडलं. सगळं जेवली. बाबा खूश.

मग नाडी मोजली. मिनिटाला अकरा.

१७ फेब्रुवारी
नाडी नाही.

बाबा म्हणतात, दमून झोपलीय, उठवू नकोस. बाबा, तिचे डोळे उघडे आहेत. मी दाराकडे गेले — डोळे दाराकडे. खिडकीकडे गेले —

आई, चुकले गं. मला फक्त तुला बरं —

१८ फेब्रुवारी
अक्षर किती छान आलंय. आत्ताच लक्षात आलं. हात थरथरत नाही. अजिबात.

मनगट. रोज डोस देताना माझंच मनगट धरत होते — बरा हो म्हणत — आता उजवा हात कोपरापर्यंत गार —

मनगटावरचा डावा हात सोडवायचाय. निघत नाही. मान आपोआप त्याच हाताकडे —

बाबा जिन्यात आहेत. मला असं बघून आधी हातच धरतील. ओरडायला तोंड उघडत नाही. लिहून ठेवते, दिसेल असं — बाबा, धरू नका, हात लावू न