क्रमांक दोनचा वादक

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (स्टुडिओतल्या टेबलाखाली तेवढी जागा नाही, म्हणून मनातल्या मनात घातला आहे.) गुडघा कसा आहे? शिलाई मशीनवर आता मामीला बसू देता की हट्ट चालूच आहे? आणि दुकानाच्या भिंतीवरचं माझं पदवीचं प्रमाणपत्र कृपा करून काढा. माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही ते मोठ्याने वाचायला लावता, असं आई सांगत होती. घरातली पहिली पदवीधर म्हणून कौतुक असेल, पण वाचताना छाती फुगते आणि सदरा सैल होतो, त्याचं काय?

मागचे दोन बुधवार तुम्ही रेडिओ ऐकला असेलच. ऐकला नसेल तर फारच उत्तम. 'एक रचना, दोन ध्वनिमुद्रणं' हा कार्यक्रम सध्या माझ्याकडे आहे. शास्त्रीय संगीतातली एकच रचना दोन कलावंतांची ऐकवायची आणि कोणाचं काय आवडलं, काय खटकलं, ते सांगायचं. माझ्याआधीचे गृहस्थ आधी नाव बघत आणि मग कौतुक करत. मला ते पटेना. मोठ्या नावापुढे झुकायचं नाही, कानाला पटेल तेच बोलायचं, असं मी साहेबांना बाणेदारपणे उभ्याने सांगितलं (त्यांनी बस म्हटलंच नव्हतं). मग ध्वनिमुद्रिका सांभाळणाऱ्या काकांना विनंती केली, की नोंदवहीत बघून एका रचनेची दोन ध्वनिमुद्रणं तुम्हीच काढा, नावांवर खाकी कागद चिकटवा आणि वर नुसता क्रमांक घाला. वादकांची नावं श्रोत्यांना पुढच्या बुधवारी सांगायची, असं ठरलं.

व्हायोलिनची रचना होती. मामा, मी नऊ मिनिटं बोलले. क्रमांक एकचे वादक म्हणजे भरल्या घरातले कर्ते पुरुष, प्रत्येक सुराची विचारपूस करून पुढे जाणारे. क्रमांक दोनचे मात्र उतावळे, सूर जरा चढा, हात तयार पण मन कच्चं. यांनी आणखी दहा वर्षं गुरूसमोर बसावं, असंही मी म्हणाले (मला स्वतःला इथे लागून दोन महिने झाले आहेत). नंतर नोंद करायला कागद सोलले, तर दोन्हींवर एकच नाव, एकच साल! एक मूळ तबकडी होती आणि दुसरी त्याच तबकडीची आमच्याच कचेरीत केलेली टेप, तीही जरा भरभर फिरणारी.

धावत काकांकडे गेले. "अहो काका, दोन्ही एकाच माणसाची!"

"असतील."

"मग चिकटवताना दिसलं नाही?"

"बाई, नावं बघायची नाहीत हा नियम तुमचाच. मी मान वळवून चिकटवले कागद."

तेवढ्यात फोन आला. खुद्द ते वादक! वय ऐंशी, राहायला याच शहरात. म्हणाले, "एक नंबरवाला बरा आहे. पण त्या दोन नंबरच्या पोराला माझ्याकडे पाठवा. हात चांगला आहे, घाई फार करतो." मी म्हटलं, "निरोप देते." आणि फोन ठेवला.

साहेबांच्या कानावर घातलं, तर त्यांचं मत पडलं की कोणाच्या लक्षात आलेलं नाही, तेव्हा क्रमांक दोनला दुसरं एखादं नाव ठोकून द्यावं. मी म्हटलं, खरं तेच सांगणार. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तू अजून हंगामीच आहेस ना?"

रात्रभर विचार केला आणि सकाळी आधी त्या वादकांकडे गेले. तिसरा मजला, कॉटवर उघडी व्हायोलिनची पेटी. मी दारातच सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता चपला कुठे काढल्यात तेही बघून ठेवलं.

"म्हणजे दोन नंबर मीच?"

"हो."

"तरी म्हटलं, पोराचा हात ओळखीचा का वाटतोय!" आणि असे हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आल्या. मी जिन्यात पोचल्यावर वरून हाक आली, "खुशाल सांगा रेडिओवर! आणि त्या एक नंबरलाही पाठवा, त्याचंही सगळंच काही बरोबर नाही!"

काल मी सगळं सांगितलं, त्यांच्या निरोपासकट. काचेपलीकडे साहेब हाताची घडी घालून उभे होते. विचार करतो, एवढंच म्हणाले. बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार.

तुमची भाची
(पदवीधर, तूर्त हंगामी)

ता. क. साहेबांचा विचार झाला. येत्या आठ दिवसांत श्रोत्यांची दहा पत्रं आली तर कार्यक्रम राहील, आणि मीही. आतापर्यंत एक आलं आहे, तेही हवामानाच्या बातम्यांबद्दल. तेव्हा मामा, नऊ-दहा पत्रं तुम्ही लिहाल का? नावं वेगवेगळी घाला, शाई बदला, एखाददुसरं डाव्या हाताने.

आणखी ता. क. वरचं वाचून माझी मलाच लाज वाटली. एका वादकाचे दोन केले म्हणून काल जाहीर कबुली दिली, आणि आज एका मामाचे दहा श्रोते करायला निघाले! पत्र नव्याने लिहिलं असतं, पण कागद संपला म्हणून समासात लिहिते आहे. तुम्ही एकच लिहा, आणि खरं लिहा.

अगदी शेवटचा ता. क. मामीला कार्यक्रम मुळीच आवडला नाही असं आईकडून कळलं. तिलाही लिहू दे, हात राखून नको. साहेब पत्रं नुसती मोजतात. वाचायची मला आहेत.