शेळीचा खोकला

भवानी पेठ, सोलापूर
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्याबाईंना,
तुमच्या सुनेचा, महानंदाचा, वाकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेली बाजरी पोहोचली. तुमची नात संस्कृती बारावीच्या अभ्यासात बुडाली आहे. सकाळी एकच भाकरी खाते, तीही उभ्याउभ्या. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत जपा.

परवाच फोनवर बोललो आणि आज पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर आपल्या दोघींना खरं बोलता येत नाही, म्हणून.

दिवाळीनंतरचा तो फोन आठवतो ना? तुम्ही तुमच्या लेकाचं विचारलंत, "हिंदू जेवला का गं?" मी म्हणाले, आत्ताच जेवून कामावर गेले. तेवढ्यात तुमच्यामागे ते खोकले. नवऱ्याचा खोकला मी ओळखणार नाही का? तुम्ही म्हणालात, "आमची शेळी लई खोकाय लागलीय बघ." मीही म्हणाले, अडुळशाचा पाला द्या तिला.

दोन वर्षं आपण हे असंच चालवलं. त्यांनी बार्शीला दुसरा संसार थाटला हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. तरी तुम्ही विचारायचात ते जेवले का, आणि मी सांगायची जेवले.

खालच्या मजल्यावरच्या झीनतभाभींनी मला एका रविवारी जवळजवळ ओढूनच नेलं. त्यांचे मियाँ वारल्यापासून त्या तिथे जातात. एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत अंकिता मॅडम बायकांची बैठक घेतात. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला टाकलेलं, कुणाचं आजारपणात सगळं आयुष्यच बदललेलं. मॅडम समुपदेशक आहेत, पण शहाणपण शिकवत नाहीत. एक बोलेल ते बाकीच्यांनी ऐकायचं, मध्येच सल्ला द्यायचा नाही, एवढाच नियम. तो पाळताना आम्हा बायकांचे किती हाल होतात ते तुम्हीच ओळखा.

मी तिथे माझ्या मैत्रिणीची गोष्ट सांगायची. मैत्रिणीचा नवरा निघून गेला, मैत्रीण कुणाला कळू देत नाही, असं. कितीतरी रविवार मॅडमनी ते निमूट ऐकून घेतलं. मग एकदा सहज विचारलं, "तुमच्या मैत्रिणीला झोप लागते का हो?"

"नाही लागत मला," मी म्हणाले.

मग थांबताच आलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच उखाण्याशिवाय त्यांचं नाव घेतलं. म्हटलं, हिंदुरावांनी मला सोडलं. खूप रडले. शेळीचं सांगितलं तेव्हा मात्र अख्खी खोली हसली, आणि सगळ्यांत जास्त मी. झीनतभाभी म्हणाल्या, "हमना सब मालूम था गे, तू कब बोल्ती वोइच देख रे थे." सगळ्या पेठेला ठाऊक होतं, आत्याबाई. मीच एकटी आतून कडी लावून बसले होते.

आता मी झोपते. टॉवेलच्या कारखान्यात मुकादमाने आवाज चढवला तर मान वर करून उत्तर देते. आज बैठकीत एक नवी बाई आली, तोंडात पदर धरून. मॅडमनी तिच्याशेजारी मला बसवलं. निघेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. घरी येताना मला चालताना हसू येत होतं, वेड्यासारखं.

ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते आता लिहिते. मी घटस्फोटाचा अर्ज करणार आहे. कागद तयार आहेत, सही तेवढी राहिली आहे. कोर्टाची भीती वाटत नाही, त्यांचीही नाही. वाटते ती एकच, की सही झाली की जेऊरचं तुमचं दार मला बंद होईल. संस्कृतीच्या बाळंतपणात मला आई नव्हती. तेव्हा तुम्हीच मला न्हाऊ घातलंत, डोकं पुसून शेगडीजवळ बसवलंत. तुम्ही नको म्हणालात तरी सही करणार आहे. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय पेन उचलत नाही.

खाली सून लिहावं की नाही, कळेना. म्हणून नुसतंच,

महानंदा

•

जेऊर
१० जानेवारी

महानंदा,

आशीर्वाद. चौथी शिकलेला हात हाय, अक्षर समजून घे.

पत्र परत परत वाचलं. मी खोटं का बोलत हुते सांगू का? खरं बोललं तर तू जाशील, ह्या भ्यानं. आन तू बी त्याच भ्यानं. दोगी बी येड्या.

काल हिंदू आला हुता. जेवाय वाढलं, पोरगं हाय माजं. पर सांगितलं, महानंदाला कोर्टात आडवं जायचं न्हाय, गेलास तर तिच्या बाजूनं मी हुबी ऱ्हाईन. खाली मान घालून जेवला आन गेला.

तू बिनघोर सही कर. काडीमोड हाय त्यो त्याचा आन तुजा. माजा न्हाय.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. गड्ड्याची जत्रा बघाय न्हाय, तुमच्या त्या बैठकीला. मला बी लई बोलायचंय, जलमात कुणी इचारलंच न्हाय. तितं माजी वळख तू करून दिऊ नगंस, हिंदूची आई म्हणून न्हाय आन तुजी सासू म्हणून बी न्हाय. माजं मी सांगीन.

वाट बघ.

सोजरबाई