फ्लीसचे अस्तर

आई, तू जाऊन अठरा वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, आणि लिहावी असे वाटलेही नाही. आता लिहितो आहे, कारण गेल्या आठवड्यात मी एका गोधडीला स्वतःच्या हाताने फ्लीसचे अस्तर लावले, आणि ते तुला मुळीच पटले नसते. तुझी सून आश्विनात गेली. तुझ्या नातीला आता आठवा महिना आहे. तिच्या बाळासाठी गोधडीचा वरचा थर तुझ्या सुनेने पुरा करून ठेवला होता. जुन्या सुती कापडाचे चौकोन, एकाला एक जोडलेले. खाली काय लावायचे, याविषयी ती काही बोलली नव्हती.

तुला ती दुपार कदाचित आठवणार नाही. डोंबिवलीचे आपले स्वयंपाकघर आहे, तू पाटावर बसून तांदूळ निवडते आहेस. उल्हासनगरहून कापड आणून महिनाभर शिवलेली आपली पहिली गोधडी तुझी सून तुझ्यापुढे पसरते. तू ताट बाजूला सारतेस आणि गोधडीचा कोपरा उलटून पाहतेस.

"हे काय गं खाली? टेडी बेअर सोललंस की काय?"

"फ्लीस आहे, आई, लोकरीसारखं मऊ कापड. आत काही भरावं लागत नाही. धुवायला हलकी, वाळतेही लवकर."

"वाळायला तो काय हातरुमाल आहे? अगं, गोधडीला पाठ लुगड्याची लागते. आईच्या, आजीच्या. तुझ्या माहेराहून एक जुनं लुगडं नाही मिळालं तुला?"

तू माझ्याकडे वळतेस. "तूच सांग रे हिला." मी वर्तमानपत्रातून डोके वर काढतो आणि म्हणतो, "आई म्हणते ते योग्यच आहे." ती गोधडीची घडी घालते आणि चहा ठेवू का, असे विचारते.

तुला ठाऊक नव्हते, आई. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि घरात दुसरी यायच्या आत सगळी लुगडी नातेवाइकांत वाटली गेली. एकही उरले नाही. हे तिने मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते, आणि "आईंना सांगू नका, मला कीव नको" असे बजावले होते. तू अजाणता बोललीस. मी जाणून बोललो. ती गोधडी तिने कामवाल्या बाईंना देऊन टाकली. पुढे तुझ्याच लुगड्यांच्या पाठीच्या तीन गोधड्या तिने शिवल्या, तू शेजारणींना कौतुकाने दाखवल्यास, आणि फ्लीस आपल्या घरात पुन्हा आले नाही.

मागच्या महिन्यात मुलगी माजिवड्याहून आली. आपल्या आईचे कपाट उघडून तिने दोन साड्या बाहेर काढल्या, एक इरकली आणि एक जांभळी, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. "बाबा, खाली ह्या लावू या. आजी म्हणायची ना, पाठ आईच्या साडीची हवी." तुझा नियम तिने अचूक सांगितला. मी म्हणालो, "नको. तुझ्या आईने त्यासाठी फ्लीस आणून ठेवले आहे."

"मला कधी बोलली नाही ती."

"मला बोलली होती."

साड्या तिने परत ठेवल्या, पण घडी नीट घातली नाही. दुसऱ्या दिवशी मी खोपटजवळच्या एका दुकानातून दोन मीटर फ्लीस विकत आणले. ते कापड ताणले जाते, हे मला माहीत नव्हते. पहिल्या वेळी मी ते घट्ट ओढून शिवले आणि गोधडी द्रोणासारखी वळली. सारे उसवावे लागले. मग जमिनीवर न ताणता पसरून, चार-चार बोटांवर टाचण्या लावून, मधून कडेकडे धावदोरा घालत गेलो. अंगुस्ताना असूनही बोटे सोलवटली. त्या वेळी मला वाटत होते की मी तुझ्या सुनेच्या वतीने तुला उत्तर देतो आहे. शेवटच्या कडेला आलो तेव्हा लक्षात आले की जे तिला मिळाले नाही, तेच मी तिच्या मुलीलाही मिळू दिले नाही. आईची साडी कपाटात होती, आणि मी ती नाकारली. त्या साड्यांना कात्री लावणे मला शक्य नव्हते, हेही त्यात होतेच. यातले खरे कारण कोणते, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

गोधडी काल मुलीला दिली. तिने अस्तर गालाला लावले. मग म्हणाली, "आईने राखाडी रंग कसा काय घेतला?" मी म्हणालो, दुकानात तोच शिल्लक असेल.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. तिच्या हाती पडले तर ती गोधडी तिला नकोशी होईल. तेव्हा तुला एवढेच सांगून ते फाडतो. दुकानदाराने चार रंगांचे तागे माझ्यापुढे ठेवून विचारले होते, "काका, मॅडमना कुठला आवडेल?" एकतीस वर्षांच्या संसारानंतर मला ते सांगता आले नाही.