उलटे महिने

डब्लिन, ओहायो
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय त्र्यंबक,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी ठणठणीत. थंडी मात्र अशी की सून रेणू दोन स्वेटर घातल्याशिवाय मला दाराबाहेर सोडत नाही, त्यामुळे मी बाहेरून अगदी पैलवान दिसतो.

तू नातवाच्या फुटबॉलबद्दल विचारलं होतंस. अरे, इथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी आणि धक्काबुक्कीच फार. क्वार्टरबॅक म्हणून एक जण चेंडू फेकतो. टाळ्या सगळ्या त्याला. उजव्या हाताने फेकताना त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. त्या बाजूने अंगावर येणाऱ्याला अडवणारा तो डावा टॅकल, म्हणजे आपला आर्य. चेंडू हाती यायचं सुख त्याच्या नशिबी नाही. आपल्या कबड्डीच्या संघात तू कोपरा धरायचास आणि पेपरात नाव चढाई करणाऱ्याचं यायचं, तसंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तूच दिसलास, फक्त शंभर किलोचा.

आज संध्याकाळी बाद फेरीचा सामना आहे. आणि मी सकाळपासून हे पत्र लांबवतोय, कारण मुद्द्यावर यायचा धीर होत नाही.

मागच्या शुक्रवारी खेळताना आर्यच्या डोक्याला मार बसला. उठला, पुन्हा खेळला. रविवारी माझ्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा, मंथ्स बॅकवर्ड्स पाठ करून घ्या ना." मला वाटलं, शाळेची परीक्षा असेल. पाठांतर म्हटलं की माझ्या अंगात येतं, तुला ठाऊक आहे. तो सहा वर्षांचा असताना सतराचा पाढा मीच त्याच्याकडून घोटून घेतला होता. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... चुकला की पुन्हा पहिल्यापासून. फार अडखळत होता. मी रागावलोसुद्धा.

बुधवारी जेवताना रेणू कौतुकाने म्हणाली, "टीमच्या ट्रेनरनं याला चेक केलं, बाबा. डोक्याला लागलं की मुलांना उलटे महिने म्हणायला लावतात. यानं धडाधड म्हटले. खेळायला क्लिअर केलं त्याला."

रविवारी मी घोटून घेतलं ते हेच.

काल त्याला गॅरेजमध्ये गाठलं. उजेड सहन होत नाही म्हणाला, वाचताना अक्षरं हलतात. "प्लीज आजोबा, मॉमला सांगू नका. माझ्या जागी नवा मुलगा येईल, त्याला ब्लॉक करता येत नाही. आमच्या क्वार्टरबॅकला कोण वाचवणार?" माझे दोन्ही हात धरले होते त्याने. मी शब्द देऊन बसलो.

त्र्यंबक, मला भीती वाटते रे. अशा डोक्यावर दुसरा मार बसला तर पोरगा हातचा जाईल. तुला पत्र पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तेव्हा तुझा सल्लाही कामाचा नाही. खाली रेणू चहा टाकतेय. जातो.

शनिवार

सांगितलं. रेणूने चहा तसाच टाकून कोचला फोन केला. आर्य सामनाभर हेल्मेटशिवाय कडेला उभा होता. आर्यच्या संघाच्या क्वार्टरबॅकला डावीकडूनच पाडलं. खांद्याचं हाड मोडलं त्याचं. सामनाही हरले. गाडीत आर्य एवढंच बोलला, "यू डिड दॅट, आजोबा."

आज सकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आय अ‍ॅम फाइन. ऐका." आणि रागारागाने सुरू झाला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक...

थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच थांबला. राग कुठल्या कुठे गेला. "आजोबा, पुढे काय?"

अडुसष्ट, त्र्यंबक. मी रेणूला हाक मारली.

हे गाडीतून लिहितोय, डॉक्टरकडे जाताना. आर्यने माझा डावा हात घट्ट धरून ठेवलाय, त्यामुळे मांडीवरचा कागद सारखा सरकतो. अक्षर समजून घे.

तुझा,
शशिकांत