चार बोटं खाली

बाबा, आज तुमच्या गाडीची रिकीब चार बोटं खाली करून आणली. माधवगंजातल्या त्याच दुकानात नेली होती. मिस्त्री आता नाही, त्याचा मुलगा बसतो, तोही पन्नाशीला आलाय. फुटबोर्डाला रिकीब म्हणणारा या गावात मी शेवटचाच उरलो असेन. पूर्वज दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात घोड्यावर बसून आले, म्हणून तुम्ही मोटारसायकललाही रिकीबच लावलीत, आणि मला शिकवतानाही शाळेतल्या ड्रिलसारखे ओरडायचात, ‘टाच दाब, पाठ ताठ!’ किला गेटच्या चढावर तुमच्या मागे बसलेल्या आईला हसू आवरायचं नाही. आता माझा उजवा गुडघा अगदी तुमच्यावर गेलाय. दुमडला की कळ थेट कमरेपर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. मी म्हटलं, आधी बसायची ढब बदलून बघू, पाय जरा खाली आणि पुढे टेकला तर निभेल. हे बोललो आणि माझं मलाच कसंसं झालं, कारण हे वाक्य माझं नव्हतं.

ते तुमचं वाक्य. मला तो सकाळचा चौक अजून दिसतो. आई आत पोळ्या करतेय, तुम्ही गाडीशेजारी वेताच्या मोढ्यावर बसलाय, उजवा पाय पुढे पसरलेला. गाडीवरून पडल्यानंतर तो पाय काही पुरता वळला नाही. तुम्ही रिकिबीच्या पट्टीला हात लावून चार बोटं मोजता आणि म्हणता, ‘एवढी खाली घेतली की गुडघ्यावर ताण येत नाही. ब्रेकपण तेवढाच खाली घ्यायला सांग. मग बघ, किला गेटपर्यंत एका दमात जातो की नाही.’ तीन महिने घरात बसून तुमचा चेहरा पार उतरला होता, तो त्या दिवशी पहिल्यांदा उजळलेला पाहिला. मी गाडी घेऊन गेलो. मिस्त्रीला म्हणालो, ‘दाहिना फुटबोर्ड खाली कर दो.’ हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे इथल्या मराठी घरातलं शेंबडं पोरही जाणतं, तरी आपली जीभ घसरतेच. मिस्त्रीने बोल्ट काढले, फुटबोर्ड उतरवला आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी उजवा पाय अधांतरी ठेवून घरी आलो.

तुम्ही आधी गाडीकडे पाहिलंत, मग माझ्या हातातल्या पुडक्याकडे, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. ‘अरे गाढवा, नीचे म्हणायचं होतं, नीचे!’ मग जो येईल त्याला तुम्ही ही गोष्ट सांगितलीत. लग्नात, मुंजीत, देवळाच्या पायरीवर. ‘आमच्या चिरंजीवांनी मराठीचं हिंदी केलं आणि गाडीच खाली करून आणली.’ लोक हसायचे, मीही हसायचो. तुमच्या तेराव्यालासुद्धा कुणीतरी ती सांगितली आणि आई पदर तोंडाला लावून हसता हसता रडली.

फुटबोर्ड मात्र कागदातच राहिला. तुम्ही दोनदा विचारलंत, ‘लावून आणतोस का रे?’ मी म्हटलं, रविवारी. दुसऱ्या वेळी वैतागून वर हेही म्हटलं, ‘पाय धड उचलत नाही आणि गाडी कसली चालवताय?’ तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. संध्याकाळी स्टँडवर लावलेल्या गाडीवर जाऊन बसायचात, डावा पाय रिकिबीत, उजवा नुसता लोंबकळत. महिन्याभराने मी फुटबोर्ड बसवून आणला, पण जुन्याच जागी, वर, माझ्या पायाच्या मापाने, कारण ऑफिसला जायला मला गाडी लागत होती. तुम्ही हात फिरवून पाहिलंत आणि म्हणालात, ‘छान बसलीय.’ त्यानंतर तुम्ही गाडीवर बसला नाहीत. पुढची दोन वर्षं खिडकीतून रस्ता बघण्यात काढलीत.

आज मिस्त्रीच्या मुलाने विचारलं, ‘अंकल, कितना नीचे?’ मी पट्टीला हात लावला. बोटं तुमच्यासारखीच जाड निघाली. तो म्हणाला, ‘इससे ज़्यादा करेंगे तो मोड़ पे घिसटेगा. ब्रेक भी नीचे कर दिया है, अब पंजा उठाना नहीं पड़ेगा.’ खरंच, बसल्यावर पाय असा अलगद टेकला की मला रडूच आलं. तुम्ही अगदी बरोबर होतात. चार बोटांचं काम होतं, अर्ध्या तासाचं. पण माझ्यासाठी ते आता उशिरा झालं. बसल्यावर बरं वाटतं, पण सीटवरून पाय पलीकडे टाकतानाच जीव जातो. दुकानात दोघांनी धरून बसवलं आणि गाडी घरी शेवटी त्यानेच आणून दिली. जाताना म्हणाला, ‘गाड़ी तो सेट है अंकल, घुटने का आप देख लो.’ घुटन्याचं बघण्यासारखं काही उरलेलं नाही, ते डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलंय. लेक म्हणते, ‘पप्पा, बेच दो ना यार, कशाला उगाच तकलीफ करून घेता?’ तिचंही चूक नाही. मीही तिच्या वयाचा असताना असंच बोललो होतो, आणि तिच्यापेक्षा वाईट शब्दांत.

आता गाडी चौकात स्टँडवर आहे आणि मी तिच्याशेजारी तुमच्याच मोढ्यावर बसून हे लिहितोय. जीभ घसरली नव्हती, बाबा. मिस्त्रीने पाना लावायच्या आधी विचारलं होतं, ‘खाली माने? निकाल ही दूँ?’ मी ‘हाँ’ म्हणालो. तुम्ही पुन्हा पडाल याची भीती होती, हे खरं आहे. पण गाडी मला हवी होती, हे त्याहून खरं. मिस्त्रीने घरी येऊन सांगितलं असतं तर, या धाकात मी कितीतरी दिवस होतो. तो कधी आला नाही आणि तुम्ही शेवटपर्यंत माझ्या हिंदीला हसत राहिलात. हा कागद सीटखालच्या पेटीत पान्यांजवळ ठेवतोय. तुम्ही असतात तरी हातात दिला नसता.