तिसरे पिंप

मंगळवार संध्याकाळ, डिसेंबर. भंडारा.

बाहेरच्या नळाचे पाणी बर्फासारखे, म्हणून यांची बीयरची तिन्ही पिंपे न्हाणीघरात धुवायला घेतली. उद्या ती विकायची होती. घरी बीयर करणे पोळ्यापासून बंद, असे यांनी डॉक्टरांसमोर सांगितले होते. दोन रिकामी निघाली. तिसरे एका हाताने हलेना. झाकणाचा खटका ओढला, तर फुस्स! भरलेले. ताजे.

पोळ्यापासून म्हणे! मी वर्गात पोरांची खोटी कारणे पकडण्यात जन्म घालवला आणि घरी पथ्याची खिचडी शिजवत बसले. सत्तर वेळा सात क्षमा करा, असे कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या. त्यांना नवरे नव्हते.

सगळे मोरीत ओतले. हे दारात आले.

"काहून फेकून राहिली वं?"

"तुमच्या लिव्हरले विचारा."

मोरीकडे पाहत राहिले. डोळे भरलेले दिसले. वाटले, लाज वाटली. मग म्हणतात, "सोड्यानंच धुवजो. साबन लावशीन त पुढच्या खेपेले फेस येत नाही."

पुढच्या खेपेले!

तो फुस्स अजून कानात आहे. ओरडायला हवे होते, पण कोणासाठी? सोड्यानेच धुतले.