पायलीपेक्षा उंच, पिप्यापेक्षा कमी

बाबा, बटण बंद केलं तरी लाकडात खाच पाडायच्या राऊटरचं बीट थोडा वेळ फिरतच राहतं, म्हणून तो तसाच दोन्ही हातांनी दाबून मी उभी आहे आणि आई मागच्या दारातून विचारते आहे, "झालं काय वं?" झालं नाही. फळीत पाडलेली खाच अरुंद आली आहे आणि पायाचं टोक तिच्यात शिरत नाही. फर्मा, ज्याच्या कडेनं राऊटर फिरवायचा तो प्लायचा साचा, तुमचाच आहे. बीट मात्र तुमचं नाही; ते केव्हाच बोथट झालं, आणि पुसदच्या दुकानात मिळालं ते जरा बारीक निघालं. फर्म्याच्या कडेला बीट टेकत नाही, बीटाभोवतीची पितळी कडी टेकते. कडी तीच आणि बीट बारीक, म्हणजे दोघांमधलं अंतर वाढलं, आणि तेवढी खाच दोन्ही बाजूंनी कमी झाली. हे तुम्ही मला एकदा फळीवर पेन्सिलीनं काढून दाखवलं होतं. आठवलं ते खाच पडल्यावर. आई जवळ येऊन फर्म्याकडे पाहते आणि म्हणते, "घास ना थोडा. कायले जपते?" मी कानस घेते.

ही बुटकी खुर्ची मामांसाठी आहे. त्यांचे गुडघे गेले. फुलसावंगीकडच्या त्यांच्या घरी अजून सगळे खाली बसून जेवतात. मामा खाली बसले तर उठू शकत नाहीत, म्हणून त्यांचं ताट ओसरीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. आत सगळे, बाहेर एकटे मामा. आईला हे त्यांच्या सुनेकडून कळलं. काही दिवसांनी म्हणाली, "माह्या भावासाठी एक बुटकी खुर्ची कर. हात टेकून उठता आलं पाह्यजे." मी विचारलं, तुझा भाऊ या घरची वस्तू घेईल का? "तू कर. घेते का नाही ते मी पाहीन." उद्या सकाळी आम्ही जाणार आहोत. त्या कापसाच्या दिवसापासून आईनं भावाचा उंबरा ओलांडलेला नाही.

तो दिवस मी पाहिला आहे. तुम्ही कापूस खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारे ग्रेडर होता आणि मी कॉलेजातून परतताना तुमचा डबा घेऊन आले होते. त्या वर्षांत कापूस पिकवणाऱ्या कोणाचंच धड चाललेलं नव्हतं. केंद्रावर लोक तुमच्याशी हळू बोलत. तुम्ही बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालता, खालचा कापूस वर काढता, त्यातला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढता, निघालेला धागा काळ्या बाहीवर ठेवून पाहता. एक सरकी दाताखाली फोडता, ओल कळावी म्हणून. मग एक शब्द बोलता. त्या शब्दावर सगळं ठरत असे, आणि तो शब्द हातातून येत असे. प्रत ठरवायला काटा नव्हता, पट्टी नव्हती.

मामा म्हणाले, "जवाईबापू, नीट पाहा. पहिला वेचा हाय."

"पाहिला."

"मंग?"

"दुसरा."

मागच्या बंडीवरून कोणीतरी ओरडलं, "पाहा लेकहो, साहेब साळ्यालेही सोडत नाही!" रांग हसली. मामाही हसले. "हसा, हसा. माह्या बहिणीचं लगन मीच लावलं याच्यासंग. आता भोगून राह्यलो." त्यांनी बंडी रांगेतून काढली नाही. कापूस मोजून दिला आणि आमच्या दारावरून न थांबता गेले. तुम्ही डबा उघडला आणि मला म्हणालात, "भाजीत मीठ कमी आहे." त्यानंतर मामा आमच्याकडे एकदाच आले, तुम्ही गेलात तेव्हा. अंगणात उभे राहिले आणि तिथूनच परत गेले.

राऊटर तुम्ही त्याच्या आधीच नागपूरहून आणला होता. फर्म्यांचं वेड मात्र त्या हंगामानंतरचं. निदान मला तसं आठवतं. मागच्या टिनाच्या शेडमध्ये खिळ्यांवर फर्मे वाढत गेले: दाराच्या बिजागरीची खाच पाडायचा, पाटाचा कोपरा गोल करायचा, कपाटाच्या फळ्या सारख्या अंतरावर बसवायचा. लाइट गेलेली असायची तेव्हा तुम्ही प्लाय कापून, घासून फर्मा तयार ठेवायचात. लाइट आली की राऊटर. दुपारी तुमच्या शर्टाला कापूस चिकटलेला असे, संध्याकाळी भुसा. शेजारचे मास्तर म्हणायचे, "साहेब, आता वहिनीच्या पोळीचाही फर्मा करून टाका." आई आतून म्हणायची, "तो आधी तुमच्या बायकोले द्या, मास्तर." तुम्ही हसायचा नाहीत. बीट किती खाली उतरतं ते टाकाऊ तुकड्यावर पुन्हा पुन्हा पाहायचात. चांगल्या लाकडावर पहिला हात चालवायचा नाही, असं तुमचं होतं.

एकदा मी रेघेवरून, नुसत्या हातानं, खाच पाडायला घेतली. तुम्ही प्लग काढला. "नजरेनं नाही. फर्मा लाव."

"रेघ दिसते आहे ना."

"हाताचा भरवसा नाही. सकाळी एक सांगतो, उन्हात दुसरं."

मी म्हटलं, "मग कापूस तुम्ही कसा पाहता?"

तुम्ही क्लॅम्प आवळत होता. तो पूर्ण आवळून झाल्यावर म्हणालात, "तिथं फर्मा कोणी देत नाही."

तेव्हा मला ते उडवून लावणं वाटलं. तुमचा आवाज चढलेला नव्हता, उतरलेलाही नव्हता. तुम्ही प्लग पुन्हा लावला आणि मी फर्म्यानं खाच पाडली. चांगली पडली.

काल खुर्चीची उंची ठरवायची होती. तुमच्या फर्म्यांतून पायाची जाडी मिळते, खाचेची जागा मिळते. माणूस किती उंचीवरून उठू शकेल हे मिळत नाही. मी मामांना फोन केला. त्यांनी आधी आवाज ओळखला नाही, मग ओळखला.

"तुह्या बापाच्या मशीनवर करून राह्यली काय?"

"हो, मामा."

"मंग माप नीट घेजो. तुमच्या घरच्याईचं काही सांगता येत नाही."

मी म्हटलं, म्हणूनच विचारते आहे. मागे कोणीतरी बकरी हाकलत होतं. मग मामा म्हणाले, "धान्य मोजाची पायली उलटी ठेवून बसलो, तं उठता नाही येत. तेलाच्या पिप्यावर बसलो तं उठतो, पन ताटात हात नाही पोचत. मधात कर." मधात म्हणजे किती, मी विचारलं. "ते मले कायले इचारते? तू पाह्य ना." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे पायली आहे. पिपा शेजारून आणला. दोन्ही शेजारी ठेवून मी पाहत बसले. आईला दोन्हींवर बसवून उठवलं, पण आईचे गुडघे चांगले आहेत. दोन्हींच्या बरोबर मध्ये रेघ मारता आली असती. पण मामांनी नुसतं 'मधात' म्हटलं होतं, 'बरोबर मधात' नाही. शेवटी मी पट्टी बाजूला ठेवली, हाताचा पंजा उभा धरला आणि एक उंची ठरवली, ताटाच्या, म्हणजे पायलीच्या बाजूला जरा झुकलेली. एक पाय त्या मापाचा कापला आणि मग त्याच पायावरून बाकीच्यांचा फर्मा केला. ते सगळे अगदी सारखे आले. माझा अंदाज जर चुकला असेल, तर तो चारही पायांत सारखाच चुकला आहे. फर्म्याला तेवढंच येतं.

आता खाचा रुंद झाल्या आहेत आणि पाय ठोकून बसले आहेत. हात टेकायच्या दांड्यांच्या कडा मी गोल केल्या, बीट थोडं थोडं उतरवत, आधी टाकाऊ तुकड्यावर. आई खुर्चीवर बसून पाहते, दांडीवरून तळवा फिरवते आणि म्हणते, "त्याले टोचनार नाही." एवढंच.

हे लिहायला घेतलं ते तुम्हाला एक विचारायचं होतं म्हणून. मामांचा कापूस खरंच दुसरा होता, की रांग पाहत होती म्हणून तुमचा हात आखडला? तो प्रश्न मी वर, फोनचं सांगण्याआधी, लिहिला होता. कागद कुठंच जायचा नाही हे ठाऊक असूनही मी तो तिथं खोडला.

हे पुढचं परत आल्यावर लिहिते आहे. सकाळी आम्ही गेलो. मामांनी खुर्ची आत, चुलीजवळ ठेवायला सांगितली. बसले, ताटात हात पोचला, सगळ्यांबरोबर जेवले. उठताना मात्र उंची कमी पडली. दोनदा जोर लावून पाहिला, मग त्यांनी हात पुढे केला आणि आईनं तो धरला. मी म्हणाले, परत नेते, पाय बदलून आणते. मामा म्हणाले, "राहू दे."